चेन्साचं ‘मेला’

“एवढा एक शब्द काढा, चेन्साबाई,” एडगरसाहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पास्तीत्सी उचलला. “बाकी गाण्याला कुणी हात लावत नाही.”

पास्तीत्सी चेन्सानेच आणले होते. भट्टीतून नुकते काढलेले, आत चीज, वर पापुद्रे असे की कुणी शिंकलं तर उडून जावेत. टीव्हीवाल्यांच्या कचेरीत रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिची जुनी सवय. आजवर तिने त्या इमारतीला जेवढे पास्तीत्सी चारले होते, तेवढे समुद्रात ओळीने मांडले असते तर माल्टाचा माणूस कोरड्या पायांनी सिसिलीला पोचला असता.

“कुठला शब्द?” चेन्साने विचारलं. तिला ठाऊक होतं. पण समोरच्याच्या तोंडून वदवून घेण्यात मजा असते.

“‘मेला’.”

“तो काढला तर गाण्यात उरतं काय? माझा दमा?”

टेबलाच्या पलीकडे टोरबियॉर्न बसला होता. हा स्वीडनचा. युरोपला कुठलं गाणं आवडतं हे स्वीडनच्या माणसाला आईच्या दुधातूनच कळतं, अशी माल्टात समजूत आहे. म्हणून दरवर्षी युरोपच्या स्पर्धेसाठी गाणं निवडायच्या दिवसांत टीव्हीवाले एक स्वीडिश माणूस मागवतात, जसं एखाद्याने लग्नासाठी आचारी मागवावा. टोरबियॉर्नने वाकून एडगरसाहेबांना विचारलं की या शब्दाचा अर्थ तरी काय.

एडगरसाहेबांनी पापुद्रे झटकले. “म्हणजे... ‘अर्थात’. किंवा ‘बरं’. किंवा ‘मग काय तर’. कधीकधी ‘तर मग’. कधीकधी काहीच नाही.”

“म्हणजे ओके,” टोरबियॉर्न म्हणाला. “मग ‘ओके’च म्हणा ना! साऱ्या युरोपला कळेल.”

आता ‘मेला’ म्हणजे काय हे कुणाला सांगायचं? माल्टाचा माणूस बोलणं सुरू करतो ते ‘मेला’ने आणि संपवतो तेही ‘मेला’ने. ‘येतोस का?’ ‘मेला.’ म्हणजे येतो. ‘पैसे परत करशील ना?’ ‘मेलाऽऽ.’ म्हणजे बस वाट बघत. बारशाला मेला, लग्नाला मेला, माणूस मेला तरी मेला. आपल्याकडची बाई नवऱ्याला ‘मेला’ म्हणते तेव्हा त्यात राग किती आणि लाड किती, हे कुठल्या शब्दकोशात सापडतं का? हाही त्यातलाच प्रकार. सगळा अर्थ सुरात आणि हनुवटीत. हनुवटी खाली गेली तर हो. हनुवटी झटक्यात वर उडाली तर नाही, आणि वर शंभरदा नाही.

“तर काय ठरलं?” टोरबियॉर्नने घड्याळ पाहिलं. “बदलणार ना?”

चेन्सा उठली. डब्यावरचं फडकं झटकून तिने त्याची घडी घातली. हनुवटी छताच्या दिशेने उडवून म्हणाली, “मेलाऽऽ!”

एडगरसाहेब त्या वेळी शेवटचा पास्तीत्सी कुणाचा या विचारात डब्यात बघत होते. हनुवटी त्यांना दिसलीच नाही. शिवाय साहेब स्लीमाचे. तिकडची बडी माणसं इंग्रजीत हसतात, इंग्रजीत खोकतात आणि माल्टी भाषा बोलतात ती फक्त भाजीवाल्याशी आणि पोलिसाशी. त्यांच्या लेखी ‘मेला’ला एकच अर्थ.

“हो म्हणाली,” त्यांनी भाषांतर केलं.

*

हर्रुबा गावात चेन्साला चेन्सा म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिकडे घराण्याला, माणसाला एक टोपणनाव असतं आणि ते कबरीपर्यंत सोबत येतं. हिचं टोपणनाव होतं ‘चेन्सा आऽऽ’. कारण युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत माल्टाकडून कुणीही उभं राहो, मागे अंधारात तीन बायका ‘आऽऽ’ करायला असत, त्यांतली डावीकडून तिसरी ही. पुढचे चेहरे बदलले, केस बदलले, झगे तर असे आखूड होत गेले की पाद्रीबाबांनी टीव्हीकडे पाठ करून गाणं ऐकायला सुरुवात केली. डावीकडून तिसरी मात्र तीच. पुढची हरून रडत परत आली की चेन्सा विमानतळावरून थेट दुकानात जाई आणि कणकेला हात घाली.

पास्तीत्सीचं दुकान तिच्या सासऱ्याचं. आता ते ती आणि तिचा नवरा साल्वु चालवीत. साल्वु म्हणजे गावातला दारूकामवाला. पिण्याची नव्हे, उडवायची. संताच्या जत्रेला चर्चच्या गच्चीवरून जे बार निघतात ते त्याच्या हातचे. गावात बॅण्डचे क्लब दोन, एक संत जॉर्जचा, एक संत कॅथरीनचा. साल्वु जॉर्जवाला, चेन्सा कॅथरीनवाली. जत्रेच्या आठवड्यात नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. मीठ हवं असलं तरी मांजराला उद्देशून सांगत.

मग एका वर्षी टीव्हीवाल्यांनी चेन्साला स्टुडिओत बोलावलं, कानांवर मोठाले डबे चढवले आणि म्हणाले, चेन्साबाई, जरा सगळे स्वर म्हणा. तिने म्हटले. आ म्हटलं, ऊ म्हटलं, ‘ये ये’ म्हटलं, ‘बेबी’ म्हटलं, ‘ओके ओके’ म्हटलं. त्यांनी चहा पाजला. त्या दिवसानंतर तिला कुणी बोलावलं नाही. युरोपात नियम बदलला होता. मागचे आवाज यंत्रातून वाजवले तरी चालणार होते. तेव्हापासून चेन्सा दुकानात कणीक मळत असायची, आणि टीव्हीवर कुणीतरी पोरगी गात असायची, आणि पोरीच्या मागून चेन्साच ‘आऽऽ’ करत असायची.

“ऐकलंस?” साल्वु विचारी. “तूच ना?”

“मी नाही,” ती म्हणे. “मी ही इथे आहे.”

हे तिच्या मनात कणकेसारखं फुगत गेलं आणि एके दिवशी त्याचं गाणं झालं. गाणं साधंच. एका बाईला जन्मभर सगळे विचारतात: चहा टाकशील ना? मेला. दुकान बघशील ना? मेला. मागे उभी राहशील ना? मेला. आणि शेवटी ती स्वतःलाच विचारते, आता पुढे येशील ना? तिथेही तोच शब्द. पण तो म्हणताना घसा असा उघडायचा की मागचे सगळे ‘मेला’ त्यात बुडून जावेत.

टीव्हीवाल्यांकडे आलेल्या दीडशे गाण्यांतून बारा निवडली गेली. त्यात हे निघालं तेव्हा गावाने दोनदा खात्री करून घेतली, की बाई पुढेच उभी राहणार ना.

*

देशाचं गाणं निवडायचं म्हणजे माल्टात खेळ नाही. सरकार पडलं तर लोक आठवडाभर बोलतात. गाणं चुकलं तर सोयरिकी मोडतात. रीत अशी, की निम्मे गुण परदेशातून आलेले परीक्षक देतात आणि निम्मे लोक फोन करून देतात. हर्रुबात जॉर्जवाले आणि कॅथरीनवाले, ज्यांनी चर्चच्या एका दिव्याच्या रंगावरून सात वर्षं कोर्टात काढली होती, ते प्रथमच एका टेबलाशी बसले आणि ठरलं की फोन चेन्सालाच. साल्वुने बायकोसाठी खास बार भरायला घेतले. सगळ्यांत मोठ्याला त्याने नाव दिलं ‘मेला’. तो उडाला की पलीकडे लिबियात लोक छत्र्या उघडतील, असं तो सांगे.

निवडीच्या दिवशी दुपारी मोठ्या मंडपात रंगीत तालीम होती. चेन्सा काळा साधा झगा घालून उभी राहिली. घसा जपायचा म्हणून ती नुसते ओठ हलवत होती. पहिलं कडवं झालं, ध्रुपद आलं, आणि मागून यंत्रातून गोड आवाज आला, “ओके, ओके.”

चेन्साचे ओठ थांबले.

आवाज तिचाच होता. तरुण, गुळगुळीत, हसरा. चहा पिऊन दिलेला.

तिने मंचावरूनच हाक मारली, “एडगरसाहेब! हे काय वाजतंय?”

“ओके वाजतंय. ठरलं होतं ना?”

“कोणी ठरवलं?”

“तुम्हीच! भर बैठकीत म्हणालात, मेला.”

“मी म्हणाले, मेलाऽऽ!” तिची हनुवटी उडाली.

“तेच तर. मेला म्हणजे हो.”

“अहो, हे ‘मेला’ म्हणजे तुमच्या सात पिढ्यांना नाही!”

दिवेवाले, तारावाले, झाडूवाले हसायला लागले. माल्टाच्या गावागावांतून आलेली ती माणसं. त्यांना दोन ‘मेला’तला फरक सांगावा लागत नव्हता. एडगरसाहेब मात्र टोरबियॉर्नकडे बघत राहिले, जणू स्वीडनचा माणूस माल्टीचा अर्थ लावून देईल.

“आता काही होत नाही, चेन्साबाई,” शेवटी ते म्हणाले. “यंत्रात बसलंय ते. संध्याकाळी थेट प्रक्षेपण. फार तर तुम्ही गाणं मागे घ्या. नाहीतर तुम्ही पुढे काहीही म्हणा, मागे ओकेच वाजणार. पण सांगून ठेवतो, तुम्ही मेला म्हणणार, ती ओके म्हणणार, लोकांना वाटेल दोन बायका भांडतायत.”

“भांडतायत?” चेन्सा म्हणाली आणि तिला एकदम आपला बाप आठवला.

तिचा बाप झारेन दारूच्या गुत्त्यात गायचा. गिटार घेऊन दोघे समोरासमोर बसत आणि गाण्यातून एकमेकांची अब्रू काढत; जागच्या जागी जुळवलेल्या ओळी, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. स्लीमाकडचे लोक त्या गाण्याला खारवी-हमालांचं गाणं म्हणून नाक मुरडत. झारेनने एकदा कस्टमच्या साहेबाला गाण्यात असा हाणला होता, की तो माणूस बदली मागून माल्टाच्याच पलीकडच्या गोझो बेटावर गेला आणि तिथेही त्याच्या आधी गाणं पोचलं होतं. लहानगी चेन्सा टेबलाखाली बसून ऐकायची.

“वाजू दे,” ती म्हणाली. “ओकेच वाजू दे.”

“बघा, किती समजूतदार बाई!” एडगरसाहेब म्हणाले.

मंचामागे क्रिस्टाबेल उभी होती. बाविशीची, गोझोची पोर, त्या वर्षी जिंकणार म्हणून सगळ्यांनी आधीच ठरवलेली. तिने सगळं ऐकलं होतं. ती चेन्साजवळ आली.

“मावशी, माझ्या गाण्यातसुद्धा मागे... ते पण तुम्हीच आहात?”

“आहे की. छान गाते मी. बिनतक्रार.”



*

संध्याकाळी सारा देश टीव्हीपुढे बसला होता. रस्त्यांवर कुत्री तेवढी फिरत होती, तीही गाणं आवडलं की थांबत.

चेन्साचा नंबर आला. ती मध्यभागी, दिव्यात उभी राहिली. पहिलं कडवं नीट म्हणाली. चहा टाकशील ना? आणि तिने तोंड उघडायच्या आत मागून आला तो गोड आवाज, “ओके, ओके.”

चेन्सा गायची थांबली. वाद्यं चालू. तिने सावकाश मागे वळून पाहिलं, डावीकडून तिसरी जागा जिथे असते तिथे. तिथे कुणी नव्हतं, नुसता काळा पडदा. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि हनुवटी वर उडवली.

“मेलाऽऽ!”

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ती त्या रिकाम्या जागेशी गाऊन बोलायला लागली, बापाच्या गुत्त्यातल्या चालीत:

“मागे उभी राहून गं, झिजले तुझे पाय,
ओके ओके करून तुला मिळालं तरी काय?”

“ओके, ओके,” मागची म्हणाली. तिला दुसरं येतच नव्हतं.

“पोपट बरा तुझ्याहून, शिवी तरी देतो,
तुझा आवाज कोणीही खिशात घालून नेतो!”

“ओके, ओके.”

आता मंडप उसळला. एडगरसाहेब हातवारे करून बंद करा, बंद करा म्हणत होते. पण यंत्र बंद केलं तर वाद्यंही बंद होणार, आणि चेन्सा बंद होणार नव्हती हे तर उघडच होतं. पुढच्या ‘ओके’ला तिने नुसता हात पुढे केला आणि पाच हजार माणसं एका सुरात म्हणाली, “मेलाऽऽ!” पाच हजार हनुवट्या वर. छताचे दिवे हलले म्हणतात. मी तर असंही ऐकलंय, की पहिल्या रांगेत बसलेल्या मंत्र्याचीही हनुवटी उडाली आणि ती खाली आणायला त्याला डॉक्टरकडे जावं लागलं.

शेवटचं कडवं आलं. आता पुढे येशील ना? त्या जागी यंत्रात ‘ओके’ घालायला कुणी विसरलं होतं की कुणा तारावाल्याने मुद्दाम खुंटी पिळली, कोण जाणे. मागची गप्प राहिली. चेन्सा पुढे वळली. तिने शब्द म्हटला तो ओरडून नाही, गाजवून नाही. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणावा तसा, हनुवटी खाली आणून.

“मेला.”

*

परदेशी परीक्षकांना वाटलं, आवाजाच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि बाई तंत्रज्ञाला रागावत होती. त्यांनी तिला खालून दुसरी ठेवली. मग लोकांच्या फोनचे गुण आले. टेलिफोनच्या तारा तापून त्यांवरची कबुतरं उडाली होती. चेन्सा पहिली, आणि अशी की दुसरा तिच्या सावलीतसुद्धा नाही.

इथे हर्रुबाचा घोटाळा झाला. तिथल्या माणसाला मोजणी पुरी होईपर्यंत थांबायची सवय नाही. जत्रेत मूर्ती दारात दिसली की बार लावायचा, मूर्ती पुढे अडखळो की सावरो. ‘पहिली’ एवढा शब्द कानावर पडला आणि साल्वुने वात पेटवली. ‘मेला’ उडाला. त्याच्या मागे जॉर्जवाल्यांचे सगळे, कॅथरीनवाल्यांचे सगळे, येत्या जत्रेसाठी ठेवलेलेही. आकाश पांढरं, मग लाल, मग सोनेरी. घंटा सुरू. दोन्ही बॅण्ड रस्त्यावर, दोन्ही वेगळी चाल वाजवताहेत आणि कुणाचं बिघडत नाही.

तोवर मंडपात दोन्ही गुणांची बेरीज झाली होती. क्रिस्टाबेल जिंकली, चेन्सा दुसरी. मध्ये अंतर इतकं कमी, की त्यातून पास्तीत्सीचा पापुद्राही सरकला नसता.

साल्वुला कुणीतरी ओरडून सांगितलं, “अरे, हरली ती!”

साल्वु काळ्या ठिक्कर तोंडाने गच्चीवरून वाकला. “हरली? मेलाऽऽ!” आणि त्याने उरलेला एकुलता एक बारही लावून टाकला.

*

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा दारात क्रिस्टाबेल उभी होती. रात्रीची चमकी अजून डोळ्यांच्या कडांना होती.

“मावशी, मी एडगरसाहेबांशी बोलले. तुम्ही युरोपला माझ्याबरोबर चला. यंत्र नको. तुम्ही खऱ्याखुऱ्या, माझ्या मागे...”

चेन्साने चीजचा गोळा पारीत भरला, कडा दाबल्या. नुसती हनुवटी वर गेली. पोर गोझोची होती. तिला भाषांतर लागलं नाही.

“रागावलात?”

“नाही गं. जिंकलीस, चांगलं गायलीस. चहा घे.” चेन्साने काचेच्या पेल्यात चहा ओतला. “पण एक सांगते. तू जा. माझा आवाज नेऊ नको. तो मी चहाच्या पेल्यावर दिला होता. हा घे, चहा परत केला.”

“मग तिथे काय वाजवू? गाण्यात ती जागा आहे.”

“तुझं गाणं आहे. तू बघ.”

क्रिस्टाबेलने चहा संपवला, पेला स्वतः विसळून ठेवला आणि गेली. एडगरसाहेबांना तिने काय सांगितलं ते कुणाला ठाऊक नाही. आवाज टीव्हीवाल्यांच्या मालकीचा आहे, हे साहेबांनी तिला इंग्रजीत समजावलं आणि तिने माल्टीत एकाच शब्दात उत्तर दिलं, एवढं एक झाडूवाला सांगत होता.

मे महिन्यात युरोपची रात्र आली. हर्रुबाच्या चौकात पडदा लावला होता. जॉर्जवाल्यांच्या खुर्च्या डावीकडे, कॅथरीनवाल्यांच्या उजवीकडे, मध्ये मांजरापुरती वाट. चेन्सा दुकानाच्या दारात हातात रिकामा ट्रे घेऊन उभी. गिऱ्हाईक नव्हतं.

पोर सुरेख गात होती. ध्रुपद संपलं आणि ती जागा आली, जिथे गेल्या कित्येक वर्षांत सगळ्यांच्या कानांना ‘आऽऽ’ची सवय झाली होती. काहीच आलं नाही. नुसता ढोल चालत राहिला, आणि क्रिस्टाबेल तोंड मिटून, मान किंचित मागे वळवून, ती जागा सरेपर्यंत थांबली. कॅथरीनवाल्यांतल्या एका म्हातारीने सवयीने तोंड उघडलं. मग तिने चेन्साकडे पाहिलं आणि मिटलं.

साल्वु हळूच म्हणाला, “तुझी जागा होती ना ती?”

“मेला,” चेन्सा म्हणाली, आणि पुढचा घाणा बघायला आत गेली.

दुसरं ध्रुपद संपलं. ती जागा पुन्हा आली. साऱ्या चौकात कुणी खोकलंसुद्धा नाही. आतून भट्टीचं लोखंडी दार उघडल्याचा आवाज तेवढा आला.